दात पांढरे करण्याआधी

अहिल्यानगर जिल्ह्यात घरच्या घरी दात उजळण्याची साधने आज तीन वाटांनी माणसापर्यंत पोहोचतात, आणि या तिन्ही वाटांवर विकणारा व घेणारा यांच्यामध्ये दातांचे शास्त्र जाणणारे कोणी उभे नसते. पहिली वाट आठवडे बाजाराची. तेथे तुरटी, सैंधव, राखुंडी, लाल आणि काळी दंतमंजने आणि मिसरीसाठी लागणारी तंबाखू ही सारी दहा पावलांच्या आत मिळते. दुसरी वाट औषधाच्या दुकानाची; जखम धुण्यासाठी म्हणून ठेवलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली तेथे कोणालाही सहज घेता येते. तिसरी आणि सर्वांत नवी वाट मोबाइलची असून, कोळशाची पूड, निळ्या दिव्याची यंत्रे, दातांना चिकटवायच्या पट्ट्या आणि जेलच्या नळ्या या वाटेने अकोले तालुक्याच्या डोंगराळ गावांपासून जामखेडपर्यंत घरपोच येतात. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, आणि मुलगी पाहण्याचे कार्यक्रम, साखरपुडे व छायाचित्रे यांच्या ओघात या तिन्ही वाटांवरची वर्दळ वाढते.

या साधनांकडे पाहताना एक समजूत सर्वत्र आढळते, ती अशी की, रसायन म्हटले की धोका आणि घरातली वस्तू म्हटली की निर्धोक. दातांच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी उलटी आहे. योग्य प्रमाणातल्या आणि नीट बसणाऱ्या साच्यातून दिलेल्या पेरॉक्साइडने होणारा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो. लिंबू, राख आणि खरखरीत पूड यांनी दाताचा जो थर जातो तो मात्र पुन्हा येत नाही. आणि या दोहोंपेक्षा मोठा धोका डाग पुसून टाकण्याच्या घाईत डागाचे कारण न विचारण्यात आहे.

दाताचा रंग कोठून येतो

दाताचे जे बाहेरचे कठीण कवच असते त्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात, आणि शरीरात तयार होणाऱ्या सर्व पदार्थांत ते सर्वांत कठीण असते. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. चावण्याच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जेमतेम दोन ते अडीच मिलिमीटर असते आणि हिरडीकडे येता येता ते अगदी पातळ होत जाते. दात हिरडीतून वर येतो त्या वेळी इनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम संपलेले असते व त्या नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडले तर सांधते, कातडी सोलली तर भरून येते, परंतु झिजलेले इनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही. लाळेतील खनिजे पृष्ठभागावरच्या सूक्ष्म हानीची काहीशी भरपाई करतात, पण गेलेली जाडी परत आणत नाहीत.

इनॅमल अर्धपारदर्शक असते आणि त्याच्या आत दंतिन नावाचा पिवळसर थर असतो, म्हणून निरोगी माणसाच्या दातालाही फिकट पिवळी झाक असणे हेच नैसर्गिक आहे. जाहिरातीतल्या कागदासारख्या पांढऱ्या दाताशी त्याची तुलना करणे मुळातच चुकीचे. वय वाढते तसे इनॅमल झिजत जाते, आतले दंतिन जाड व गडद होत जाते, आणि म्हणून चाळिशीतला दात विशीतल्या दातापेक्षा पिवळा दिसतो. जो माणूस दात पांढरे व्हावेत म्हणून दररोज जोर लावून घासतो, तो वरचा पारदर्शक थर पातळ करून आतला पिवळा थर अधिक उघडा करत असतो, आणि पिवळेपणा वाढला म्हणून आणखी जोराने घासतो.

डागांचे मात्र अनेक प्रकार आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. चहा, तंबाखू, पान यांचे डाग पृष्ठभागावर बसतात. त्यांच्याखाली बहुधा कीटणाचा, म्हणजे कडक झालेल्या मळाचा थर असतो, आणि दंतवैद्याने यंत्राने ते कीटण काढल्यावर अनेकांना पांढरे करण्याच्या उपचाराची गरजच उरत नाही. मार लागून आतून मृत झालेला दात करडा पडतो. त्याला वरून काहीही लावून उपयोग नाही, कारण त्याच्या मुळाशी पू साठत असू शकतो. मूल आठ वर्षांचे होण्याआधी किंवा आई गरोदर असताना टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके दिली गेली असतील, तर दातांच्या आतच करडे-तपकिरी पट्टे उमटतात. कायमचे दात जबड्यात घडत असतानाच्या वर्षांत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके आणि पुढे तपकिरी चट्टे दिसतात.

या शेवटच्या कारणाकडे अवर्षणाच्या भागात विशेष लक्ष द्यावे लागते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून अकोले तालुक्याचा सह्याद्रीकडचा भाग सोडला तर त्याचा बहुतांश प्रदेश पर्जन्यछायेत येतो, आणि जेथे विहिरी आटतात तेथे विंधनविहिरी खोल जातात. खडकात मुरलेल्या खोल पाण्यात कोणते क्षार आहेत हे चवीवरून कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट मानले जाते, आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांना या क्षाराचा उपद्रव दीर्घकाळ सोसावा लागला आहे. एकाच वस्तीतल्या अनेक मुलांच्या दातांवर दोन्ही बाजूंनी सारखेच चट्टे दिसत असतील, तर त्या मुलांना दंतमंजन बदलून देण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाण्याची तपासणी करून घेणे हे ग्रामपंचायतीचे काम ठरते. तेथे डाग हा दाताचा दोष नसून पाण्याविषयीची सूचना असते.

डबीतली काळी पूड

घरच्या घरी दात साफ करण्याच्या ज्या पद्धतीने जिल्ह्यातील स्त्रियांचे सर्वांत मोठे नुकसान केले ती कोणत्याही कंपनीच्या पाकिटात येत नाही. तंबाखू तव्यावर ठेवून ती काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची किंवा वाटून घ्यायची आणि लहानशा डबीत भरून ठेवायची, की मिसरी तयार होते. सकाळी बोटाने ती दातांना आणि हिरड्यांना घासली जाते. प्रारंभी कारण दात स्वच्छ करण्याचे किंवा दुखरी दाढ शांत करण्याचे असते, आणि पुढे निकोटिनची सवय जडली की दिवसातून अनेकदा डबी उघडली जाते, पूड तोंडात बराच वेळ धरली जाते. भाजल्याने तंबाखूतले विष जळून जाते अशी समजूत आहे. वास्तविक भाजण्यामुळे, मूळ पानात असलेल्या कर्करोगकारक द्रव्यांत जळण्यातून निर्माण होणाऱ्या नव्या द्रव्यांची भर पडते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू, म्हणजे न ओढता तोंडात धरण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरत असल्याचे दिसले. मिसरीचा वाटा त्यात स्त्रियांच्या बाजूने विशेष मोठा आहे, आणि ती दंतमंजनाच्या नावाखाली वापरली जात असल्याने पुष्कळ स्त्रिया स्वतःला तंबाखू घेणाऱ्यांत मोजतच नाहीत. डॉक्टरांनी तंबाखू खाता का असे विचारले की उत्तर नाही असे येते. मिसरी लावता का असे विचारले तरच खरे कळते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत पहाटे अंधारात कोयता घेऊन फडावर जाणाऱ्या बाईला ही पूड भूक मारायला आणि थकवा विसरायला उपयोगी पडते, आणि म्हणून केवळ वाईट सवय म्हणून तिच्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. परंतु तिची किंमत त्या बाईलाच मोजावी लागते. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या गरोदरपणाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, मिसरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले, आणि दिवस पुरे भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते.

केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली १९९२ सालीच तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि टूथ पावडरींवर बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी पूड अशा बंदीच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, तरी साधी तंबाखू विकायला मोकळीच राहिली. म्हणजे मिसरीचा प्रश्न कायद्यापेक्षा घराघरातल्या सांगण्याचा आहे.

दात उजळण्याच्या विषयाशी याचा थेट संबंध असा की, मिसरी दात पांढरे करत नाहीच; ती दातांच्या मानेशी काळी-तपकिरी कड बसवते, हिरडी खाली सरकवते आणि मुळाचा मऊ भाग उघडा पाडते. नंतर तीच व्यक्ती, किंवा घरातली पुढची पिढी तिच्यासाठी, तो काळेपणा घालवण्याचे काही तरी आणते. उघड्या पडलेल्या मुळावर इनॅमल नसते, म्हणून त्यावर आम्ल किंवा खरखरीत पूड लावल्यास झीज कितीतरी वेगाने होते, आणि पेरॉक्साइड लावल्यास असह्य सणक जाते. शिवाय अशा तोंडात गालाच्या किंवा हिरडीच्या आतल्या बाजूला पांढरा, पुसून न निघणारा चट्टा असण्याचा संभव असतो, ज्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. पांढरे करण्याचे जेल हिरडीला लागले तरी ती जागा पांढरी पडते, मात्र ती थोड्या दिवसांत पूर्ववत होते. घरी आरशात पाहणाऱ्याला या दोन पांढऱ्या खुणांतला फरक ओळखता येणे कठीण आहे. दोन आठवड्यांत न गेलेला कोणताही पांढरा किंवा लाल चट्टा, व्रण, अथवा तोंड पूर्वीइतके न उघडणे हे तातडीने दाखवण्याचे कारण आहे.

लिंबू, राख आणि कोळसा

लिंबाच्या रसाची आम्लता मोजली तर तिचा सामू, म्हणजे पीएच, दोन ते अडीचच्या आसपास येतो. सामू सुमारे साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात, आणि सामूच्या मापात एकेक अंक खाली जाणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे असल्याने, लिंबू त्या मर्यादेच्या किती पलीकडे आहे हे ध्यानात यावे. लिंबाचे साल दातावर घासल्यावर दात क्षणभर चकचकीत दिसतो हे खरे आहे. तेथे मळाबरोबर दाताचा पृष्ठभागही मऊ होऊन निघालेला असतो. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात हा सर्वांचा अनुभव आहे, आणि त्याच स्थितीत वर मीठ किंवा सोडा घेऊन घासणे म्हणजे आधी भिंत भिजवून मग खरवडण्यासारखे आहे. खाण्याचा सोडा एकटा असता तर तो तुलनेने मऊ व आम्लाला मारणारा आहे. लिंबाशी त्याची जोडी लावली की त्याचा हा गुण वाया जातो. स्ट्रॉबेरी आणि सोडा यांच्या लेपाची जी कृती जगभर पसरली, तिची तपासणी २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात उपटलेल्या दातांवर करण्यात आली आणि खऱ्या अर्थाने दात उजळल्याचे काही आढळले नाही.

गोवरीच्या राखेची राखुंडी आणि काळ्या टूथ पावडरी यांची सवय महाराष्ट्रात जुनी आहे. बिटको किंवा माकडछाप या नावांनी अनेक घरांतल्या सकाळी आजही ओळखीच्या आहेत. कोळशाची जी पूड आज नव्या आकर्षक वेष्टनात आणि पुष्कळ अधिक किमतीला मोबाइलवरून विकली जाते, तिचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात कोळशाच्या दंतमंजनांविषयीच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या सुरक्षिततेचे वा उपयुक्ततेचे दावे मान्य करण्याइतका पुरावा नाही असा त्याचा निष्कर्ष होता. पूड किती खरखरीत आहे यावर सारे अवलंबून असते, आणि घरी केलेल्या राखेचा एकेक कण किती मोठा आहे हे कोणी मोजत नाही. टूथपेस्टसाठी घर्षणाची आंतरराष्ट्रीय कमाल मर्यादा ठरलेली आहे. चुलीतल्या राखेला अशी मर्यादा नाही, आणि तिच्यात किडीपासून दाताचे रक्षण करणारे फ्लोराइडही नसते.

येथे परंपरेचा दाखला पुढे केला जातो, म्हणून परंपरा काय सांगते तेही नीट पाहावे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात वड, खैर, करंज, रुई इत्यादींच्या, करंगळीएवढ्या जाडीच्या आणि बारा अंगुळे लांबीच्या काडीने दात घासायला सांगितले आहे, पण त्याच ठिकाणी हिरडीला इजा होऊ देऊ नये अशी अट घातली आहे, आणि अजीर्ण, ओकारी, खोकला, तोंड येणे अशा स्थितीत दंतधावन टाळायला सांगितले आहे. जोराने खरवडून शुभ्रता आणण्याला त्या परंपरेतही आधार सापडत नाही.

पेरॉक्साइड कसे काम करते

पेरॉक्साइडने दात उजळण्याची पद्धत योगायोगातून सापडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात एका दंतवैद्याने हिरडी बरी व्हावी म्हणून कार्बामाइड पेरॉक्साइडचे जंतुनाशक दातांच्या साच्यात घालून रात्रभर ठेवायला दिले, तेव्हा हिरडीबरोबर दातही उजळल्याचे त्याच्या लक्षात आले. १९८९ साली हेवूड आणि हायमन यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि तेथून ती जगभर गेली. पेरॉक्साइड इनॅमल खरवडत नाही. त्याचे लहान रेणू इनॅमलमधून आत शिरतात, तेथे ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील कण सोडतात आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतात, त्यामुळे प्रकाश शोषला न जाता परत फिरतो व दात फिकट दिसतो.

हे रेणू काही मिनिटांतच दाताच्या आतल्या मज्जेपर्यंत, म्हणजे शिरा आणि रक्तवाहिन्या असलेल्या जिवंत गाभ्यापर्यंत पोहोचतात. उपचाराच्या काळात गार पाण्याने सणक येते ती यामुळेच. दात निरोगी असतील तर ही सणक थोड्या दिवसांत थांबते. परंतु दात किडलेला असेल, भेगाळलेला असेल, जुनी सिमेंट भरलेली जागा सैल झालेली असेल, तर द्रावणाला मज्जेकडे सरळ वाट मिळते आणि तात्पुरती सणक असह्य ठणक्यात बदलू शकते. आधी किडीवर उपचार आणि मगच पांढरे करणे हा क्रम दंतवैद्य पाळतात त्याचे कारण हेच आहे. कॅप, चिनी मातीचे दात आणि भरलेले सिमेंट पेरॉक्साइडने उजळत नाहीत, ही गोष्ट आधी सांगितली गेली नाही तर उपचारानंतर पुढचा एकच दात वेगळ्या रंगाचा उरतो. अठरा वर्षांखालील मुलांनी हा उपचार घेऊ नये आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तो पुढे ढकलावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

दंतवैद्याच्या देखरेखीखाली घरी केल्या जाणाऱ्या उपचारात दातांचे माप घेऊन त्यावर पातळ, पारदर्शक साचा तयार केला जातो. साचा अचूक बसला की जेल दातावर राहते, हिरडीवर व घशात उतरत नाही. बहुधा दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरले जाते, ज्यातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, आणि उपचार दोनेक आठवडे चालतो. पाकिटातल्या एकाच मापाच्या पट्ट्या आणि साचे कोणाच्याही दंतपंक्तीला नेमके बसत नाहीत. सोबतच्या निळ्या दिव्याने टिकाऊ असा विशेष फरक पडत नाही; दिव्यानंतर लगेच दिसणाऱ्या पांढरेपणाचा काही भाग दात कोरडा पडल्यामुळे असतो आणि लाळ मिळाली की तो उतरतो.

बाटलीवरचा आकडा

औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीवर बहुधा सहा टक्के किंवा वीस व्हॉल्यूम असे छापलेले असते. वीस व्हॉल्यूमचा अर्थ एक मिलिलिटर द्रावणातून वीस मिलिलिटर ऑक्सिजन वायू सुटू शकतो. हा अर्थ ठाऊक नसलेला माणूस वीस म्हणजे वीस टक्के समजतो, किंवा उलट, जखमेला चालते ते तोंडाला का चालू नये असा हिशेब करतो. युरोपीय महासंघाच्या २०११ सालच्या निर्देशानुसार ०.१ टक्क्यापेक्षा अधिक आणि सहा टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात उजळण्याची उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकता येतात, प्रत्येक उपचाराचा पहिला वापर दंतवैद्याकडून किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावा लागतो, आणि सहा टक्क्यांपुढची विक्री बंदच आहे. म्हणजे जे प्रमाण तेथे दंतवैद्याच्या हाती सोपवलेले शेवटचे टोक आहे, तेवढ्याच प्रमाणाचे पातळ द्रावण, साच्याविना, कापसाच्या बोळ्याने किंवा गुळण्या करून वापरण्याचा सल्ला येथे मोबाइलवरच्या चित्रफितींतून दिला जातो. द्रावण जेलसारखे एका जागी थांबत नाही. ते हिरडी, जीभ आणि घसा भाजते, आणि पोटात गेले तर फेस व वायू होऊन उलट्या होतात. उद्योगासाठी विकले जाणारे पस्तीस टक्क्यांचे द्रावण तर घरात आणूच नये. ते गिळल्याने जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ज्या पाकिटावर कोणते रसायन किती टक्के आहे हे छापलेले नाही, ते विकत घेऊ नये इतका साधा नियम पाळला तरी बराच अपाय टळेल.

विचारायचे कोणाला

जिल्ह्यात दंतवैद्यकाचे शिक्षण देणारी तीन महाविद्यालये आहेत : लोणीचे प्रवरा परिवारातील ग्रामीण दंत महाविद्यालय, संगमनेरचे एसएमबीटी दंत महाविद्यालय आणि अहिल्यानगर शहरालगतचे यशवंतराव चव्हाण यांच्या नावाच्या प्रतिष्ठानचे दंत महाविद्यालय. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे दात तपासणे आणि कीटण काढणे खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. घरच्या प्रयोगांवर वर्षभरात होणारा खर्च मांडून पाहिला, तर कित्येक कुटुंबांना ही सफाई स्वस्त पडेल. अडचण अंतराची आहे. तीनपैकी दोन महाविद्यालये उत्तरेच्या बागायती पट्ट्यात आहेत, आणि मिसरीचा प्रश्न ज्या ऊसतोड कुटुंबांत तीव्र आहे त्यांच्या पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड या तालुक्यांतून तेथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

याच दक्षिण भागात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, आणि गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवता येते हे देशाला दाखवून दिले; १९७९ साली त्या कामासाठी आरोळे दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतपण, जुलाब आणि कुष्ठरोग यांच्याविषयीच्या रुजलेल्या समजुती ज्या मार्गाने बदलल्या, त्याच मार्गाने मिसरीची डबीही बंद होऊ शकते. प्रत्येक गावात असलेल्या आशा कार्यकर्तीने गरोदर स्त्रीच्या पहिल्या नोंदणीच्या वेळी तंबाखूबरोबर मिसरीचेही नाव घेऊन विचारावे आणि तिच्या तोंडात एकदा पाहावे, एवढी भर घालायला कोणते यंत्र लागत नाही.

तरुणांसाठीही एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. अहिल्यानगरला लष्कराच्या चिलखती दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि जिल्ह्यातील हजारो मुले भरतीची तयारी करतात. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला किमान १४ दंतगुण लागतात, आणि ते गुण निरोगी दातांच्या संख्येवर व जागेवर मोजले जातात, रंगावर मोजले जात नाहीत. भरतीआधी दात चमकावेत म्हणून लिंबू घासणाऱ्या मुलाने त्याऐवजी किडलेली दाढ भरून घ्यावी.

दात उजळायचेच असतील, तर आधी एकदा तोंड तपासून घ्यावे, कीटण काढून घ्यावे, कीड भरून घ्यावी, आणि त्यानंतरही रंग खटकत असेल तर दंतवैद्याने मापाने करून दिलेला साचा व प्रमाण छापलेले जेल सांगितले तेवढेच दिवस वापरावे. घरात कोणी मिसरी लावत असेल, तर स्वतःच्या दातांआधी त्या व्यक्तीला तपासणीला न्यावे.